पाच नायक, आठ गॉब्लिन, एक आउलबेअर: मिनी रंगवण्याच्या प्रकल्प नोंदी

३० मे: यादी आणि निकष

डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलावर खेळायच्या कथाखेळाच्या नव्या कॅम्पेनची, म्हणजे अनेक बैठका चालणाऱ्या कथेची, पहिली बैठक जुलैच्या अखेरीस आहे. तोवर चौदा मिनी, म्हणजे पात्रांच्या छोट्या मूर्ती, रंगवून टेबलावर हव्यात. खेळाडूंचे पाच नायक: मानव पॅलाडिन (धर्मयोद्धा), ड्वार्फ क्लेरिक (पुजारी), एल्फ विझार्ड (जादूगार), हाफलिंग चोर आणि हाफ-ऑर्क बार्बेरियन (रानटी लढवय्या). समोर शत्रू: आठ गॉब्लिन, म्हणजे छोटे राक्षस, आणि एक आउलबेअर, अर्धा घुबड अर्धा अस्वल. काम पुण्यात होणार, त्यामुळे वेळापत्रक पावसाच्या मर्जीवर. स्प्रे प्रायमर, म्हणजे वरचा रंग धरून ठेवणारा पहिला थर, पाऊस यायच्या आत उरकायचा. व्हार्निशची पाळी भर पावसात येणार, तेव्हा तिथे स्प्रेला हातच लावायचा नाही. हे आजच ठरवून टाकलं.

खेळाची मिनी डोळ्यापासून दोन-अडीच फुटांवर असते, घरातल्या साध्या दिव्याखाली, चिवड्याच्या वाटीशेजारी. तेवढ्या अंतरावरून तीन गोष्टी लगेच कळल्या पाहिजेत: कोण आहे, तोंड कुठे आहे, हातात काय आहे. त्यामुळे रंगांच्या बारीक छटांपेक्षा उजेड आणि सावलीतला फरक जास्त महत्त्वाचा. दोन मिनी नुसत्या रंगामुळे वेगळ्या वाटत असतील, पण फोनवर काढलेल्या कृष्णधवल फोटोत सारख्याच दिसत असतील, तर टेबलावरही त्यांची गल्लत होते. म्हणून प्रत्येक नायकाला एकच मुख्य रंग दिला. पॅलाडिनचा अंगरखा लाल, क्लेरिकचा झगा पांढरा, विझार्ड निळा आणि त्याला पिवळा कमरपट्टा, चोर काळपट करडा. बार्बेरियनच्या अंगावर कपडे बेताचेच, त्याची हिरवी कातडी हीच त्याची ओळख.

मापं नेहमीचीच. नकाशावरचा चौकोन एक इंचाचा, खेळात तो पाच फूट धरतात. मध्यम आकाराच्या पात्राला २५ मिमीचा गोल बेस, म्हणजे पायाखालची चकती. आउलबेअर मोठ्या आकारात मोडतो, त्याला ५० मिमी, म्हणजे दोन बाय दोन चौकोन.

खरी अडचण मटेरियलची आहे. पॅलाडिन, विझार्ड आणि बार्बेरियन रेझिन प्रिंटचे. ड्वार्फ जुन्या पांढऱ्या धातूचा. हाफलिंग रीपरच्या बोन्स मालिकेतला, म्हणजे मऊ, वाकणारं प्लॅस्टिक. गॉब्लिन कडक पॉलिस्टायरिनचे, चौकटीतून कापून काढायचे. आउलबेअर नोल्झर मालिकेतला, तो कारखान्यातूनच प्राइम होऊन येतो. पाच प्रकारचा माल, म्हणजे गोंद आणि प्रायमर सगळ्यांना एकच चालणार नाही.

१ जून: साफसफाई आणि जोडकाम

आधी मोल्ड लाइन. साच्याचे दोन भाग जिथे मिळतात तिथे राहणारी ही बारीक कड. प्रायमरआधी ती दिसतही नाही, पण वॉश (खाचांत उतरणारा पातळ रंग) किंवा ड्रायब्रश (जवळजवळ कोरड्या ब्रशने फक्त उंचवट्यांवर रंग) केला की तीच सगळ्यात आधी उठते. पॉलिस्टायरिनवर सुरीच्या पात्याची मागची बाजू काटकोनात धरून ओढली की कड साफ निघते. मऊ प्लॅस्टिकवर असं खरवडलं तर तंतू उठतात, तिथे नवीन धारदार पात्याने पातळ काप घ्यावा लागतो. धातूला बारीक कानस.

रेझिनच्या तिन्ही मिनी उजेडात फिरवून तपासल्या. काखेत, झग्याच्या आतल्या बाजूला, केसांच्या बटांमध्ये चकचकीत आणि बोटाला किंचित चिकट लागणारी जागा असेल तर तिथलं रेझिन कच्चं आहे. त्यावर रंग दिला तर महिन्याभरानेही तो चिकट राहतो किंवा पापुद्रा सुटतो. विझार्डच्या झग्याखाली अशी जागा होती. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ टूथब्रशने धुऊन, पूर्ण वाळवून, मगच उन्हात ठेवला, थोड्या थोड्या वेळाने बाजू बदलत. अल्कोहोल ओलं असताना ऊन दिलं तर पांढरट थर बसतो. जास्त ऊन दिलं तर रेझिन ठिसूळ होतं आणि काठीसारखे बारीक भाग आधी तुटतात. आधारकाड्यांच्या खुणा ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने पाण्याखाली घासल्या. कोरडं घासलं की धूळ उडते, आणि रेझिनची धूळ फुप्फुसात जायला नको. कच्चं रेझिन हाताळताना नायट्राइलचे हातमोजे लागतातच.

हाफलिंगचा खंजीर पाकिटातूनच वाकून आला होता, या प्लॅस्टिकची ती सवयच आहे. नुकत्याच उकळी आलेल्या पाण्यात मिनिटभर धरायचा, सरळ करायचा आणि तसाच धरून बर्फाच्या पाण्यात बुडवायचा. थंड पाण्यात पुरेसा वेळ दिला नाही तर तो पुन्हा जुन्या आकाराकडे झुकतो.

मग सगळ्या मिनी कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब टाकून धुतल्या. साच्यातून सुटण्यासाठी लावलेलं तेलकट द्रव्य राहिलं तर रंग त्या जागी गोळा होऊन सरकतो.

गॉब्लिनांना पॉलिस्टायरिनचा पातळ सिमेंट. तो प्लॅस्टिक विरघळवून दोन्ही भाग एकजीव करतो, म्हणून तो इथेच चालतो. रेझिन, धातू आणि बोन्सवर त्याचा काही उपयोग नाही, तिथे सायनोअ‍ॅक्रिलेट, म्हणजे आपलं फेविक्विक. ड्वार्फचा हातोड्याचा हात जड आहे, नुसत्या गोंदावर टिकणार नाही. दोन्ही बाजूंना १ मिमीचं भोक पाडून कागदाच्या पिनेच्या तारेचा तुकडा घातला आणि मग चिकटवला. दमट हवेत फेविक्विकची वाफ आजूबाजूला बसून पांढरी भुकटी धरते. रंगवलेल्या मिनीवर ती फार वाईट दिसते, म्हणून जोडायचं ते सगळं प्रायमरआधीच जोडलं. अपवाद विझार्डच्या काठीचा. ती छातीवर आडवी येते, बसवली तर मागचा झगा रंगवायला ब्रश पोचत नाही. ती वेगळी ठेवली, आणि जोडाच्या जागी मास्किंग टेपचा कण लावला, म्हणजे तिथे प्रायमर बसणार नाही.

सांध्यांच्या फटी एम-सीलने भरल्या. दोन्ही भाग सारखे घेऊन रंग एकसारखा होईपर्यंत मळायचे, ओल्या टूथपिकने दाबायचे. एम-सील थोडं भरड असतं, चेहरा किंवा केस घडवायला निरुपयोगी. खांद्याच्या फटीला मात्र पुरतं.

४ जून: प्रायमर

सकाळी सातला गच्चीवर २७ अंश, आर्द्रता मोजणारा हायग्रोमीटर ६१ टक्के. याहून बरी वेळ आता ऑक्टोबरपर्यंत मिळायची नाही.

स्प्रेच्या बाबतीत दोन टोकं टाळायची. दुपारच्या कडक उन्हात थेंब मिनीपर्यंत पोचण्याआधीच हवेत सुकतात आणि पृष्ठभाग पॉलिश पेपरसारखा खरखरीत होतो. आर्द्रता साधारण ७०च्या वर गेली की पाण्याची वाफ थरात अडकते, पांढुरका धुरकटपणा येतो आणि पकडही कच्ची राहते. दोन्हींवर तोडगा एकच: हवा बघून काम, आणि आधी टाकाऊ चौकटीच्या तुकड्यावर एक फवारा.

डबा दोन मिनिटं हलवला, गोळीचा आवाज मोकळा येईपर्यंत. अंतर २५ सेंटीमीटर. फवारा मिनीच्या बाहेर सुरू करून मिनीवरून नेऊन पलीकडे बंद करायचा. मिनीवरच सुरू केला तर पहिला जाड थेंब नेमका नाकावर बसतो. एकाच वेळी झाकून टाकायचं नाही. पातळ दोन हात, मध्ये पंधरा मिनिटं, मिनी उलटी धरून खालूनही. मिनी धरायला औषधाच्या रिकाम्या बाटल्या आणि झाकणावर दुहेरी टेप. बोटं रंगापासून लांब राहतात आणि हाच दांडा शेवटपर्यंत उपयोगी पडतो.

सगळ्यांना आधी काळा. तो हाताला सुकल्यावर पांढरा, फक्त वरून, साधारण ४५ अंशांतून. वरचे भाग उजळतात, खालचे काळेच राहतात, उजेड कुठून येतो ते मिनीवरच उमटतं. नायकांसाठी हा पुढच्या कामाचा नकाशा. नीट फोटो काढून ठेवले, कारण दोन हात रंग दिल्यावर तो झाकला जातो.

हाफलिंगला स्प्रे दिलाच नाही. बोन्सचं प्लॅस्टिक मऊ राहावं म्हणून त्यात प्लॅस्टिसायझर असतो. काही स्प्रेंमधल्या द्रावकांशी त्याचं जमत नाही आणि थर कायमचा चिकट राहतो. हे दरवेळी घडतंच असं नाही, एकाच कंपनीचा एक डबा चालतो, दुसरा नाही, म्हणून भरवसा नको. गाड्यांच्या दुकानातला ऑटो प्रायमर धातूवर उत्तम बसतो, मऊ प्लॅस्टिकवर मात्र त्याच्या वाटेला जाऊ नये. हाफलिंगला व्हायेहो कंपनीचा पॉलियुरेथेन प्रायमर ब्रशने, पाणी न घालता, दोन पातळ हात. सुकताना तो आक्रसून घट्ट बसतो. वरचा पांढरा उजेड ड्रायब्रशने दिला.

आउलबेअरला प्रायमर नको, धुणं पुरेसं. आज फक्त बाजूला ठेवला. बाकीच्या सगळ्यांना २४ तास हात लावायचा नाही.

७ जून: वेट पॅलेट

रंग ओला ठेवणारी थाळी घरीच केली: घट्ट झाकणाचा सपाट डबा, तळाशी स्वयंपाकघरातला पातळ स्पंज, वर बेकिंगचा कागद. 'बटर पेपर' या नावाने दुकानात दोन-तीन वेगळ्याच वस्तू मिळतात. स्टेशनरीचा कागद पाण्याने फुगून सुरकुततो. मेण लावलेल्या कागदातून पाणी वर येतच नाही. केकच्या भांड्यात घालायचा बेकिंग पार्चमेंट मागायचा. पाणी स्पंजच्या वरच्या पातळीपर्यंतच, कागद तरंगला तर रंग पाणचट होऊन एकमेकांत मिसळतात. पावसाळ्यात डब्याला दोन-तीन दिवसांत कुबट वास येऊ लागतो. स्पंजखाली तांब्याच्या तारेचं वेटोळं ठेवलं की बुरशी बरीच लांबते, शिवाय पाणी दर आठवड्याला बदलायचं.

ब्रश: कामाचे सगळे गोल. दोन नंबर बहुतेक ठिकाणी, एक नंबर चेहऱ्यांना, वॉशसाठी जुना सिंथेटिक. तीन शून्यांचा ब्रश घेऊ नये. त्याच्या पोटात रंग मावतच नाही, टोकावरचा थेंब चेहऱ्यापर्यंत जाईतो सुकतो. मोठ्या पोटाचा, पण टोक धरणारा ब्रश हवा. कोलिन्स्की केसाचा महाग पडतो, पण टोक धरून ठेवतो. सिंथेटिकचं टोक काही काळाने आकड्यासारखं वळतं, मग त्याची बढती ड्रायब्रश आणि गोंदकामावर. रंग धातूच्या पट्टीपर्यंत चढू द्यायचा नाही, तिथे सुकला की केस फाकतात.

११ जून: गॉब्लिन, एकदम आठ

पाऊस सुरू. आठही गॉब्लिन ओळीत घेतले. एक रंग सगळ्यांवर, मग पुढचा रंग. एक मिनी पुरी करून दुसरी घेतली तर निम्मा वेळ रंग मिसळण्यात आणि ब्रश धुण्यात जातो.

पद्धत झटपट. प्राइम झालेल्या मिनीवर करड्या रंगाचा भरपूर ड्रायब्रश, त्यावर फक्त वरच्या कडांना हस्तिदंती, व्हायेहोचा नंबर ७०.९१८ (पुढचे ७०ने सुरू होणारे नंबरही त्यांचेच). वर कॉन्ट्रास्ट रंग, एकच हात: हा पातळ रंग उंचवट्यांवर फिका आणि खाचांत गडद बसतो. ड्रायब्रशसाठी मेकअपचा गोल मऊ ब्रश. रंग घ्यायचा, टिश्यूवर जवळजवळ सगळा पुसायचा, मग अंगठ्याच्या नखाच्या कडेवर फिरवून बघायचं. कड उमटली आणि खाच कोरडी राहिली, तर तयार. ब्रश किंचित ओलसर स्पंजवर टेकवून घेतला तर भुकटीसारखा पोत येत नाही.

सिटाडेलचे कॉन्ट्रास्ट रंग २०१९मध्ये आले. आर्मी पेंटरचे स्पीडपेंट २०२२मध्ये, त्यांची पहिली आवृत्ती सुकल्यावरही पाण्याने पुन्हा विरघळायची आणि वरचा रंग गढूळ करायची. २०२३च्या दुसऱ्या आवृत्तीत हे दुरुस्त झालं. बाटली जुनी असेल तर वर पांढऱ्या किंवा फिकट रंगाचं काम करू नये, किंवा मध्ये व्हार्निशचा थर द्यावा.

हे रंग पाण्याने पातळ करायचे नाहीत. पाणी जास्त झालं की रंगद्रव्य सुटून कडेला वर्तुळं उमटतात. पातळच करायचा तर त्याच कंपनीच्या मीडियममध्ये, म्हणजे रंगद्रव्य नसलेल्या द्रवात. एका भागावर एकदाच, सढळ हाताने लावायचा, आणि खाली साठलेलं डबकं ओलसर स्वच्छ ब्रशने टिपून घ्यायचं. अर्धवट सुकलेल्या भागावर पुन्हा ब्रश फिरवला की थर फाटतो. उन्हाळ्यात अर्ध्या तासात सुकणारा हा रंग या हवेत काखेत, पट्ट्याखाली तासाहून जास्त ओला राहतो. हेअर ड्रायर थंड हवेवर, हातभर लांबून, तेही वरचा थर धरल्यावर. आधी वापरला तर हवा रंग ढकलते आणि सावली भलतीकडेच बसते.

कातडी सगळ्यांची हिरवी, पण दोन बाटल्यांची अदलाबदल करून चौघे पिवळट, चौघे निळसर. फडकी आठ वेगळ्या रंगांची, कारण डीएमला, म्हणजे खेळ चालवणाऱ्याला, प्रत्येक गॉब्लिनचे हिट पॉइंट (उरलेली ताकद) वेगळे मोजायचे असतात. 'लाल फडक्यावाला' म्हटलं की सगळ्यांना एकच गॉब्लिन दिसायला हवा. 'डावीकडून तिसरा' दोन चालींनंतर कुठेच नसतो.

१५ जून

गॉब्लिनांचे दात, नखं, डोळे. डोळ्यांत फक्त पिवळा ठिपका, बाहुली नाही. गर्दीतल्या शत्रूला एवढं बस्स. पुढे नायक.

२१ जून: नायकांची कातडी

इथून सावकाश काम. रंगाला पाणी साधारण एकास एक, बाटलीनुसार कमी-जास्त. ब्रश कागदावर ओढला की पट्टा अखंड यावा, पण खालचा रंग अंधुक दिसावा. एक जाड हात कधीच नाही, पातळ दोन-तीन हात.

पॅलाडिन सावळी. मधला रंग: चॉकलेट ब्राउन ७०.८७२ आणि फ्लॅट फ्लेश ७०.९५५ सारखे. सावली: ७०.८७२ मध्ये डार्क प्रशियन ब्लू ७०.८९९ चा कण. उजेडासाठी मधल्या रंगात आणखी फ्लेश, तीनास एकपर्यंत, कपाळ, गालाचं हाड, नाकाचा दांडा, हनुवटी एवढ्याच ठिकाणी. सावळ्या कातडीत पांढरा मिसळला तर ती राखेसारखी आजारी दिसते. उबदार, पिवळसर फिकट रंगानेच उजळायची. शेवटचा उजेड मात्र हवा तितका तीव्र ठेवायचा. गडद कातडीचा चेहरा लांबून सपाट वाटतो तो उजेड अर्धवट सोडल्यामुळे.

ड्वार्फला फ्लॅट फ्लेशवर सिटाडेलच्या राइकलँड फ्लेशशेडचा वॉश, सुकल्यावर उंचवटे पुन्हा फ्लॅट फ्लेशने. नाक आणि गालांवर अतिशय पातळ लालाचा ग्लेझ. ग्लेझ म्हणजे रंगाचा एक भाग, पाण्याचे किंवा मीडियमचे सात-आठ, आणि ब्रश टिश्यूवर टेकवूनच न्यायचा. ब्रश जिथे उचलतो तिथे सगळ्यात जास्त रंग साठतो, म्हणून ओढ नेहमी सावलीच्या दिशेने.

बार्बेरियन: ऑलिव्ह ग्रीन ७०.९६७, उजेडाला त्यातच फ्लॅट फ्लेश. ओठ, कोपरे, बोटांची पेरं यांवर तोच लाल ग्लेझ. हिरव्यावर लाल बसला की कातडी जिवंत वाटते, नाहीतर मातीच्या खेळण्याची कळा येते. गॉब्लिनांशी गल्लत होऊ नये म्हणून त्याचा हिरवा मुद्दाम कमी चमकदार ठेवला.

२८ जून: कपडे

लाल. कार्माइन रेड ७०.९०८ चे दोन हात, घड्यांच्या तळाला त्यातच काळपट तपकिरी ७०.८२२. उजेडाला केशरी. पांढरा घातला तर गुलाबी होतो, आणि गुलाबी अंगरख्याची पॅलाडिन हवी असेल तर मग ते आधीच ठरवलेलं बरं.

पांढरा सगळ्यात हट्टी. टायटॅनियम डायऑक्साइडचे कण जड आणि दाट, पाणी जास्त झालं की थर खडूसारखा दाणेदार सुकतो. क्लेरिकच्या झग्याची सुरुवात लाइट ग्रे ७०.९९० ने केली, त्यात निळ्याचा थेंब घातलेली सावली, वर हस्तिदंती, आणि निखळ पांढरा ७०.९५१ फक्त खांदे आणि घड्यांच्या कडांवर. पांढरं वस्त्र लांबून पांढरं दिसतं ते त्यातल्या करड्यामुळे. सगळंच पांढरं ठेवलं तर प्रायमरच राहिल्यासारखं वाटतं.

पिवळ्याला अंग नाही, काळ्यावर तो मळका हिरवट दिसतो. विझार्डच्या पट्ट्याला आधी बफ ७०.९७६, मग फ्लॅट यलो ७०.९५३ दोनदा. झगा फ्लॅट ब्लू ७०.९६२, सावली ८९९, उजेडात हस्तिदंती. चोराच्या झग्याला जर्मन ग्रे ७०.९९५, कडांना बारीक फिकट रेघ. काळ्या कपड्याचा सगळा खेळ कडेच्या रेघेवर असतो.

२ जुलै: धातू

गनमेटल ७०.८६३ काळ्यावर, नल्न ऑइल या काळ्या वॉशचा हात, कडांना सिल्व्हर ७०.९९७. धातूच्या रंगांसाठी पाण्याचा कप आणि ब्रश दोन्ही वेगळे. चकाकीचे कण पाण्यात राहतात आणि पुढच्या लाल कपड्यावर, चेहऱ्यावर चमकू लागतात. ते पुसून जात नाहीत, वरून पुन्हा रंगच द्यावा लागतो. साध्या रंगांनी धातूचा आभास करायची पद्धत या कामात घेतलेली नाही. तिच्यातला उजेड एकाच बाजूने बघण्यासाठी रंगवलेला असतो, आणि टेबलाभोवती सहा जण सहा बाजूंना बसतात.

५ जुलै: चेहरे

डोळे आधी, मग त्यांच्याभोवतीची कातडी पुन्हा. खोबणीत काळपट तपकिरी. त्यावर हस्तिदंती आडवी रेघ, वरखाली आणि दोन्ही कोपऱ्यांत तपकिरी राखून. मग बाहुलीचा ठिपका न देता वरपासून खालपर्यंत उभी रेघ, दोन्ही डोळ्यांत एकाच बाजूला सरकवलेली. अगदी मध्यावर मारली, किंवा निखळ पांढरा वापरला, की मिनी दचकलेली दिसते. वरच्या पापणीची गडद रेघ बाहुलीहून महत्त्वाची. लांबून डोळा म्हणून तीच दिसते. हाफलिंगच्या टोपीखाली नुसती सावली आणि एक हस्तिदंती कण, बाकी गरज नाही. जमलं नाही तर लगेच ओल्या स्वच्छ ब्रशने उचलायचं, सुकल्यावर खरवडायचं नाही.

९ जुलै: आउलबेअर

या प्राण्याचं मूळ गमतीचं आहे. गॅरी गायगॅक्स यांना हाँगकाँगच्या स्वस्त प्लॅस्टिक प्राण्यांच्या पुड्यात काही विचित्र खेळणी मिळाली. आउलबेअर, रस्ट मॉन्स्टर आणि बुलेट त्यांतूनच निघाले. तेव्हा अस्वल आणि घुबड यांची सांधाजोड कुठे लपवायची याची फार चिंता नको.

अंगाला ७०.८२२ आणि थोडं पाणी, सगळीकडे. मग बेज ब्राउन ७०.८७५ चा ड्रायब्रश, केसांच्या ओढीला आडवा. केसांच्या दिशेनेच ओढला तर रंग खाचांत उतरतो. वर पाठ आणि खांद्यांवर बफ, आधीच्या निम्म्या भागावरच. अ‍ॅग्रॅक्स अर्थशेडचा वॉश पोटाखाली आणि काखांत, सगळ्या अंगावर नाही, नाहीतर केलेला उजेड पुन्हा बुडतो. पिसं जिथे केसांत मिसळतात तिथे पिसांच्या टोकांना हाताने बारीक रेघा, मानेकडे विरळ होत जाणाऱ्या. जोड आपोआप झाकला जातो.

चोच आणि नखं: मुळाशी जर्मन ग्रे, टोकाकडे बफच्या लांब रेघा. डोळे मोठे, हस्तिदंतीवर पिवळा, गोल काळी बाहुली, वर उजेडाचा एक ठिपका. पंजांना आणि छातीला सर्वाधिक हात लागतो, कारण एवढी मोठी मिनी बेस सोडून अंगालाच धरून उचलतात. तिथे व्हार्निशचा एक हात जास्त, अशी खूण करून ठेवली.

१३ जुलै: बेस

लेझरने कापलेले एमडीएफचे बेस. पाणी लागलं की त्यांच्या कडा फुगतात आणि एकाच बाजूला फेविकॉल दिला तर वाटीसारखे वाकतात. म्हणून आधी दोन्ही बाजूंना आणि कडेला प्रायमर, ब्रशने.

पोतासाठी चाळलेली वाळू आणि पांढरी रांगोळी, दोनास एक. वाळूचे दाणे या मापात खडे वाटतात, रांगोळीचा बारीक दाणा माती. रंगीत रांगोळी नको, ओल्या गोंदात तिचा रंग सुटतो. फेविकॉल किंचित पातळ करून पायांभोवती लावला, मिश्रण भुरभुरलं, जास्तीचं झटकलं. रात्रभर सुकल्यावर सारख्या पाण्यात पातळ केलेला फेविकॉल वरून थेंबाथेंबाने. हा दुसरा थर नसेल तर ड्रायब्रश करताना दाणे सुटतात आणि ब्रशमध्ये येतात. पोतासाठी खाण्याचा सोडा वापरू नये, काही महिन्यांत पिवळा पडतो.

रंग ८२२, ड्रायब्रश बेज ब्राउन, मग बफ. जंगलाच्या तळासाठी वापरून धुतलेली चहाची पत्ती, कढईत कोरडी करून. ओल राहिली तर या महिन्यात बेसवर खरीच बुरशी उगवते.

नायकांच्या बेसची कड काळी. गॉब्लिनांच्या कडेला मागच्या बाजूला एक ते आठ आकडे. फडक्याचा रंग खेळाडूंसाठी, आकडा डीएमच्या वहीसाठी. आउलबेअरच्या कडेवर पुढची दिशा दाखवणारी छोटी खूण.

विझार्डची काठी आज बसवली. फेविक्विक टूथपिकच्या टोकावर घेतला आणि पंखा चालू ठेवला, म्हणजे वाफ झग्यावर बसणार नाही.

१७ जुलै: व्हार्निश

हायग्रोमीटर ८८. स्प्रे मॅट व्हार्निश या हवेत मारलं की सगळ्या मिनीवर दुधाळ पडदा येतो, काळे आणि लाल रंग सगळ्यात आधी जातात. असा पडदा आलाच तर खरवडू नये. कोरड्या दिवशी, किंवा ब्रशने, ग्लॉसचा हात दिला की बहुतेक वेळा तो पुन्हा पारदर्शक होतो.

ब्रशने दोन टप्पे. आधी ग्लॉस, कारण ते कडक असतं आणि घासणं तेच झेलतं. दुसऱ्या दिवशी मॅट, चमक मारायला. मॅटची बाटली खूप हलवायची. चमक मारणारी भुकटी तळाशी बसते, न हलवता वरचं ओतलं तर चकचकीत, तळचं ओतलं तर पांढरट. मऊ सपाट ब्रश, पातळ हात, डबकी टिपून घ्यायची. खाचांत साठलेलं मॅट पांढरं सुकतं. ब्रश पुढेमागे घासला की बुडबुडे येतात, एका दिशेनेच न्यायचा. बुडबुडा दिसला तर ओला असतानाच कोरड्या ब्रशने टिपायचा.

मॅटने धातूही विझतात. तलवारी, हातोडा आणि चिलखताच्या कडांवर पुन्हा सिल्व्हरची रेघ, तिच्यावर सॅटिन. डोळे, आउलबेअरची चोच, विझार्डच्या काठीतला खडा यांना शेवटी ग्लॉसचा थेंब.

एरवी २४ तास, आता ४८. हाताला कोरडं लागलं तरी थर आतून मऊ असतो, फोममध्ये ठेवलं तर फोमची जाळी व्हार्निशवर उमटते.

२० जुलै: ने-आण

फोमऐवजी चुंबक. बेसच्या तळाला ५ बाय २ मिमीचं निओडिमियम चुंबक, धातूच्या ड्वार्फला आणि आउलबेअरला १० बाय २. फेविक्विकने चिकटवून पूर्ण धरेपर्यंत दुसरं चुंबक किंवा लोखंड जवळ आणायचं नाही, उडी मारून सुटतं. चुंबक बेसच्या तळाच्या वर आलं तर मिनी डुगडुगते, म्हणून एमडीएफमध्ये तेवढी खोबण कोरून घेतली. डबा बिस्किटांचा, पण आधी चुंबक लावून बघायचं, काही डबे अ‍ॅल्युमिनियमचे असतात. तळाशी सिलिका जेलच्या दोन पुड्या.

डब्यात एक चिठ्ठीही ठेवली: प्रत्येक नायकाच्या मुख्य रंगांचे नंबर आणि प्रमाण. खंजिराचं टोक, टोपीची कड, आउलबेअरची नखं यांचे टवके आधी उडणार. तेव्हा त्याच बाटलीतला रंग, वर ग्लॉस, मग मॅट. हाफलिंगचा खंजीर मऊ आहे, तो प्रत्येक वाकण्यागणिक रंग सोडेल, म्हणून सिल्व्हर ९९७ ची बाटली डीएमच्या फाशांच्या पिशवीतच दिली आहे.